तिकिटात न दिसणारा प्रवासी

एसटीच्या वाहकाजवळच्या तिकीट यंत्रात गाडीत चढलेल्याची नोंद होते. थांब्यावर तासभर ताटकळून शेवटी वडापच्या जीपने गेलेल्याची होत नाही. केवळ तिकिटांवरून फेऱ्या ठरल्या की गाडी नाही म्हणून प्रवासी नाही आणि प्रवासी नाही म्हणून गाडी नाही, असा फेरा सुरू होतो. मोबाइलच्या नोंदींचे खरे मोल इथे आहे.

फोन लावला, संदेश पाठवला किंवा इंटरनेट वापरले की वेळ आणि टॉवर यांची नोंद कंपनीकडे राहते. रात्री फोन ज्या टॉवरपाशी असतो ते घर आणि दिवसा नेमाने असतो ते कामाचे ठिकाण, असे धरून कुठून कुठे किती माणसे जातात याचा तक्ता मांडता येतो. आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहरासाठी आयबीएमच्या संशोधकांनी 2013 मध्ये असाच तक्ता मांडला. ऑरेंज कंपनीने नावे वगळून दिलेल्या नोंदींवरून त्यांनी बसमार्ग तपासले. मार्गांत मोजके बदल केले, तर प्रवासाचा वेळ सुमारे 10 टक्क्यांनी घटेल, असा हिशेब निघाला.

पुण्यासारख्या शहरात टॉवर दाट असल्याने दोन पेठांमधला फरकही कळू शकतो. इंदापूर तालुक्यातल्या कळसला तसे नाही. गावठाण आणि लांबच्या वस्त्या एकाच टॉवरखाली आल्या, तर थांबा कुठे हवा हे नकाशावरून ठरत नाही. बारामतीकडे किती आणि वालचंदनगरकडे किती, एवढे मात्र समजू शकते, आणि फेरी ठरवायला तेही थोडे नाही.

दिवाळीच्या सुमारास आणखी एक अडचण उभी राहते. उसाचा गळीत हंगाम सुरू होतो, बीडकडून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात आणि फडाजवळ कोप्या पडतात. रात्रीचा टॉवर म्हणजे घर, हे गृहीतक तिथे फसते. वर्षाच्या सरासरीत ही माणसे विरून जातात; म्हणून हंगामाचा तक्ता वेगळाच काढायला हवा. शाळकरी मुलींकडे तर अनेकदा स्वतःचा फोनच नसतो. कॉलेजला जाणाऱ्या भावाचा फोन तक्त्यात दिसतो, शाळेत जाणारी बहीण दिसत नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचे मोफत पास मिळतात. त्या पासांची आकडेवारी मोबाइलच्या तक्त्याला जोडल्याशिवाय तो पुरा धरू नये.

खासगीपणाचा प्रश्नही गावात अधिक नाजूक आहे. पहाटे वस्तीवरून निघणारी दोनच माणसे असली, तर नाव काढून टाकले तरी ती कोण हे सारे गाव ओळखते. त्यामुळे मोबाइल कंपन्यांनी एसटी महामंडळाला व्यक्तीची नोंद न देता फक्त बेरजा द्याव्यात आणि लहान आकडे गाळावेत. पण सरसकट गाळले तर पहाटेची गाडी ज्यांना हवी तेच वगळले जातात. अशा ठिकाणी महिन्याभराची बेरीज आणि आसपासच्या वस्त्यांचा एकत्र आकडा घेतला, तर माणूस झाकलेला राहतो आणि गाडीची गरज दिसते.