मृत्युपत्र आधी बोलून दाखवा

मृत्युपत्राने एखाद्याच्या नावे काही ठेवून जाणे, याला इंग्रजीत ‘बिक्वीद’ म्हणतात. आज वकिलाच्या मसुद्यातच भेटणारा हा शब्द मुळात बोलण्याचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘क्वेदन’ म्हणजे बोलणे. त्याला उपसर्ग लागून ‘बिक्वीद’ झाला. त्या काळी साक्षीदारांदेखत तोंडाने सांगितले की दान पक्के होई. कागद असलाच, तर तो त्या बोलण्याची नोंद असे.

अकराव्या शतकात, इंग्लंडमध्ये राजा क्नूटच्या अमदानीत, हेरफर्डशायरच्या सभेत एडविनने सख्ख्या आईविरुद्ध जमिनीचा दावा लावला. आई सभेत नव्हती, म्हणून तीन सरदार तिच्याकडे फॉली गावी गेले. दावा ऐकताच बाई भडकली. मुलाची म्हणावी अशी जमीन आपल्याकडे नाहीच, असे सांगून तिने नात्यातल्या लिओफ्लेडला बोलावून घेतले आणि सरदारांसमोर सांगितले: जमीन, सोने, कपडेलत्ते, सगळे माझ्यामागे हिचे. हे सभेत जाऊन सांगा, असेही बजावले. लिओफ्लेडचा नवरा थर्किल सभेतच होता. सभेची संमती मिळताच त्याने घोड्यावरून हेरफर्डचे कॅथेड्रल गाठले आणि सारी हकिकत तिथल्या शुभवर्तमानाच्या पोथीत लिहवून घेतली. पोथीत त्या आईचे नाव मात्र नाही, ही खंत वाटते.

तोंडी मृत्युपत्राच्या नावाखाली खोट्या साक्षी होऊ लागल्या, तेव्हा तिथल्या 1677 च्या कायद्याने त्यावर कडक अटी घातल्या. 1837 मध्ये लेखी मृत्युपत्र आणि दोन साक्षीदार सक्तीचे झाले. सूट राहिली ती युद्धावरच्या सैनिकांना आणि समुद्रावरच्या खलाशांना. आपला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदाही याच वळणाचा. ही सक्ती हवीच. गेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येते.

पण साक्षीदाराने सही पाहिली की कायद्याचे भागते; आत काय लिहिले आहे, हे त्याला ठाऊक असण्याचीही गरज नाही. मग तेराव्यानंतर पाकीट उघडते. धाकट्याला फ्लॅट आणि बहिणीला फक्त दागिने का, हे सांगणारे माणूस तेव्हा नसते. भावंडे कोर्टाच्या पायऱ्या चढतात, त्यात वाटणीइतकाच हा न मिळालेला खुलासा सलत असतो.

म्हणून मृत्युपत्र करणाऱ्याने हयातीतच मुलांना समोर बसवून कुणाला काय आणि का, हे सांगावे. रुसवेफुगवे होतील, ते तोंडावर झालेले बरे. वकिलांनीही मसुदा हातात देताना अशिलाला विचारायला हवे: हे घरी सांगितले का?