दुसऱ्याची हयगय, आपले डोके

१४ मार्च २०१९ च्या सायंकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा हिमालय पादचारी पूल कोसळला. काही जण प्राणांस मुकले, तिसाच्या आसपास जखमी झाले. त्यापूर्वीच्या तपासणीत हा पूल किरकोळ दुरुस्तीनंतर वापरण्यास योग्य ठरला होता! पुढे तपासनीस अभियंत्यास निष्काळजीपणाच्या आरोपावरून अटक झाली.

दोष कोणाचा, हे ठरण्यास वर्षे जातात. जखमीच्या घरचा खर्च मात्र त्याच रात्री सुरू होतो. यास्तव मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ मधील आदेश महत्त्वाचा ठरतो. खड्डा वा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख, इजा झाल्यास तिच्या स्वरूपानुसार पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई त्याने ठरवून दिली.

पण भरपाई मागायची तर इजेचा पुरावा हवा, आणि नेमका डोक्याचा मार तिथेच फसवतो. रक्त नसते, दुचाकीवरून पडलेला मनुष्य कपडे झटकून लालबागच्या पेढीवर जाऊन बसतो. उलट्या, गुंगी, विसराळूपणा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी जाणवतो. तोवर केसपेपर नाही, पोलिसांत नोंद नाही. पै-पैची पावती जपणाऱ्या घरांतही हे घडते, याचे नवल वाटते. त्याच दिवशी रुग्णालयात जावे, इजा कशी व कोठे झाली हे केसपेपरवर लिहवून घ्यावे, जागेचे छायाचित्र काढावे. धडक वाहनाची असल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा.