कुपन म्हणजे मजुरी नव्हे

गडमुडशिंगीहून गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत जाणाऱ्या कामगाराला जेवणाचे कुपन मिळाले, तर ती सोयच होय. तथापि त्या कुपनाने मुलाची वही येत नाही की आईचे औषध. कारखान्याचे असो वा विद्यापीठाच्या खानावळीचे, कुपनाचे राज्य कुंपणापाशी संपते. इंग्लंडमधील मालक मजुरीऐवजी स्वतःच्याच दुकानाच्या चिठ्ठ्या देत. दुकान त्यांचे, भावही त्यांचेच. मजूर कायमचा बांधलेला. म्हणूनच तेथे १८३१ साली त्याविरुद्ध कायदा झाला. भारतातही १९३६ च्या वेतन कायद्याने मजुरी सरकारमान्य चलनातच देण्याचे बंधन घातले. कुपन वेतनावरची सवलत म्हणून खुशाल द्यावे. वेतनातून कापून मात्र देऊ नये. कष्टाचा पैसा कोठे खर्चावा, हे ठरविण्याचा अधिकार कष्टकऱ्याचाच आहे.