अंगावर काढलेला ताप

‘ताप अंगावर काढला’ हे वाक्य आपल्याकडे जवळजवळ पराक्रमासारखे सांगितले जाते. तापात परीक्षा दिली, तापात लग्नाच्या पंगती वाढल्या, हे सांगताना माणसाचा आवाज किंचित चढलेला असतो. दुसरीकडे, अंग जरा कोमट लागले की ‘डॉक्टर, एक सुई टोचाच’ म्हणणारी मंडळीही पुष्कळ आहेत. एकाला ताप म्हणजे काहीच नाही, दुसऱ्याला ताप म्हणजेच रोग. वास्तविक ताप ही आत काहीतरी चालले आहे याची वर्दी असते. ती ऐकून घ्यावी, इतकेच.

पण आपण ऐकतो फक्त आकडा. जर्मनीतील लायप्झिगचे डॉ. कार्ल वुंडरलिख यांनी १८६८ साली तापावर मोठा ग्रंथ लिहिला. हजारो रुग्णांच्या तापमानाच्या नोंदी त्यांनी ठेवल्या होत्या आणि त्यांचा भर होता तो दिवसागणिक होणाऱ्या चढउतारावर. बँकेत आम्हीही कर्ज देताना एका दिवसाची शिल्लक पाहून निर्णय करीत नसू. काही महिन्यांचा खातेउतारा मागवीत असू. तापाचाही असा उतारा पाहावा लागतो, आणि तो न पाहिल्यास काय होऊ शकते हे मी जवळून पाहिले आहे.

२००६ च्या सप्टेंबरात मी तालुक्याच्या गावी एका शाखेत होतो. सहामाही अखेरीची धांदल होती. आमचा हंगामी शिपाई चार दिवस ताप घेऊन कामावर येत होता. गोळी घ्यायचा, घाम आला की व्हाउचरांचे गठ्ठे बांधायला बसायचा. कायम नोकरांना वैद्यकीय रजा होती. त्याचा मात्र खाडा झाला की रोज बुडाला. पाचव्या दिवशी तो हसत म्हणाला, ‘‘साहेब, ताप उतरला.’’ अंग खरोखरच गार होते. आमच्या हेड कॅशियर बाईंनी मात्र त्याच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, ‘‘अरे, सकाळपासून लघवीला तरी गेलास का?’’ गेला नव्हता. पोटात सारखे दुखत होते, दोन-तीन उलट्याही झाल्या होत्या. बाईंनी जीप बोलावली आणि त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. डेंग्यू निघाला. तो वाचला, परत आला. त्या दिवसांचा रोज मात्र त्याला मिळाला नाही.

डेंग्यूचा हाच कावा आहे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे निश्चिंत होतात, आणि त्याच सुमारास काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातला द्रव झिरपू लागतो. पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जोखमीचे असतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, गार पडलेले हातपाय, ग्लानी किंवा तळमळ, यांतले एक जरी दिसले तरी थर्मामीटर काहीही म्हणो, रुग्णालय गाठावे. डेंग्यूची शंका असताना आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालते, तेही मापात.

एरवी धडधाकट माणसाने साध्या सर्दी-तापात पेज, भरपूर पाणी आणि विश्रांती यांवर दोन दिवस काढायला हरकत नाही. तिसऱ्या दिवशीही ताप असेल किंवा पारा १०३ च्या वर जात असेल, तर डॉक्टरांकडे जावे. हुडहुडी भरून ताप येत असेल, तर तेवढेही न थांबता हिवतापासाठी रक्त तपासून घ्यावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश ताप आला तरी ताबडतोब निघावे. मान ताठरणे, धाप लागणे, बरळणे, आकडी येणे, यांना वय नाही आणि आकडाही नाही. गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि कर्करोगाचे औषधोपचार चालू असलेले रुग्ण यांना दोन दिवसांची ही सवलत नाही. म्हाताऱ्या माणसांत तर संसर्ग मोठा असूनही ताप नावापुरताच असू शकतो. आजोबा एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर तीच वर्दी समजावी.

डॉक्टरांसमोर बसल्यावर तापाखेरीज आणखी एक गोष्ट सांगावी: मधल्या काळात आपण कुठे होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईने लेप्टोस्पायरोसिसची साथ पाहिली. उंदरांच्या लघवीतले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेत शिरतात. पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, पुढे कावीळ होते, मूत्रपिंडे बिघडतात. वेळीच औषध मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. ‘दहा दिवसांपूर्वी गुडघाभर पाण्यातून घरी आलो’ हे एक वाक्य डॉक्टरांना पुष्कळ काही सांगून जाते.

तेव्हा घरात थर्मामीटरबरोबर एक वहीही असावी. तारीख, वेळ, ताप, दिलेले औषध, लघवी झाली की नाही, एवढे लिहिले तरी पुरे. आणि ज्यांच्या घरी किंवा दुकानात कुणी रोजावर काम करते, त्यांनी हिशेबाच्या वहीत आणखी एक तरतूद करावी. तापाने फणफणलेल्या माणसाला दोन दिवस घरी राहा म्हणावे आणि रोज कापू नये. अंगावर ताप काढणारे सगळेच हौसेने काढत नाहीत. पुष्कळांना उरलेला मार्गच तेवढा असतो.