दोन पोती माती



२०२५ साली ११ जुलैला पॅरिसमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आनंद कुणाला झाला नाही? पण आदल्या दिवाळीपासून मनात सलणारी एक गोष्ट त्या दिवशी अधिकच सलली. पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीत चार इमारतींपुढे चार किल्ले मांडलेले पाहिले होते. चारही प्लॅस्टरचे, विकतचे आणि एकाच साच्यातले. चार बुरूज, मधोमध पायऱ्या, वर हिरवा रंग. नावाच्या पाट्या तेवढ्या वेगळ्या: रायगड, प्रतापगड, शिवनेरी, सिंहगड.

युनेस्कोच्या यादीतल्या बारा किल्ल्यांतले कोणतेही दोन सारखे नाहीत. डोंगर जसा, तसा गड. राजगडाला बालेकिल्ल्याभोवती तीन माच्या. त्यातल्या संजीवनीला दुहेरी, चिलखती तटबंदी. लोहगडाची सोंड चिंचोळी होत जाते, तोच विंचूकाटा. खांदेरी तर मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघांच्या डोळ्यांदेखत १६७९ मध्ये भर समुद्रात उभा राहिला. त्या त्या जागेचा विचार करून माणसांनी बांधलेले हे गड आपण दाराशी मांडतो, ते मात्र सगळे एकसारखे.

आमच्या लहानपणी दिवाळीत मुलं स्वतः मातीचा किल्ला करायची तेव्हा चिखल व्हायचा, भांडणं व्हायची. फुटक्या विटा रचून वर भिजवलेलं पोतं टाकायचं, माती लिंपायची, हळीव पेरायचे, कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मावळे आणायचे. पाण्याचं टाकं गळायचं, बुरूज ढासळायचा, मावळा दरवाजापेक्षा उंच निघायचा. तरी तो आमच्या आळीचा किल्ला असायचा. शेजारच्या आळीतला वेगळा असायचा आणि तो बघायला आम्ही मुद्दाम जायचो.

दोष मुलांचा नाही, विकणाऱ्या गरीब माणसाचा तर मुळीच नाही. मुलांना माती मिळेल कुठे? आवारभर पेव्हर ब्लॉक, पार्किंगच्या रेषा आखलेल्या, वर कमिटीचा नियम की घाण नको. आईबापांना वेळ नाही, फोटो मात्र हवा असतो. फ्लॅट, मुलांच्या शाळा, लग्नातले फेटे, आकाशकंदील, सगळं इतरांसारखं घेता घेता मुलांचा खेळही आपण तसाच घेऊन टाकला. हे मला मान्य नाही. वेडंवाकडं काही स्वतःच्या हाताने करून बघण्याचा हक्क दहा वर्षांच्या मुलाला नसेल, तर तिसाव्या वर्षी ते मूल चारचौघांपेक्षा वेगळं मत कशाच्या बळावर मांडणार?

असं वेगळं मत मांडणारे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यातच निवर्तले. महास्फोटाचा सिद्धांत बहुतेकांनी स्वीकारल्यावरही आपले गुरू फ्रेड हॉइल यांच्यासोबत ते पर्याय मांडत राहिले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न विचारायला सांगत आणि उत्तराखाली सही करीत. स्वाक्षरी हवी तर आधी स्वतःचा प्रश्न हवा, असा तो रिवाज होता.

 म्हणूनच आमच्या या दिवाळी अंकाचा विषय ‘साच्याबाहेर’ असा ठेवला. कथालेखकांपासून व्यंगचित्रकारांपर्यंत सगळ्यांनी तो आपापल्या परीने घेतला आहे.

अंक नेहमीप्रमाणे वसुबारसेच्या आधी तुमच्या हाती पडेल. म्हणजे किल्ला करायला वेळ आहे. सोसायटीच्या कमिटीकडे एक कोपरा मागून घ्या, दोन पोती माती आणून टाका, आणि किल्ला कोणता करायचा ते मुलांना ठरवू द्या. ढासळला तर पुन्हा बांधतील. तुम्ही हात लावू नका.