संगणक-कट्टा : यादीत नाव आहे, पण बसलंय का?



ऑफिसातल्या पीसींवर कुठली अपडेट्स बसलीत हे स्क्रिप्टने बघणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मी समजत होतो. शनिवार, १३ मे २०१७ पर्यंत.

आदल्या दिवशी वॉनाक्राय जगभर पसरला होता. कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे राईतलं आमचं गोदाम-ऑफिस बंद होतं. (राई म्हणजे फोडणीतली नव्हे हो, शुक्रवार बाजारवाली!) रविवारी सकाळी सगळे येऊन पीसी चालू करणार. हातात एकच दिवस.

शनिवारी जाऊन आधी इंटरनेटची लाइन काढली, मग एकेक मशीन चालू केलं. ३४ पीसी, सगळे विंडोज ७. मायक्रोसॉफ्टने पॅच १४ मार्चलाच दिलेला. माझी जुनी व्हीबीस्क्रिप्ट डब्ल्यूएमआयमार्फत प्रत्येकाला विचारायची, केबी ४०१२२१२ आहे का? १९ मशीन्स म्हणाली, नाही. घाम फुटला.

पण तो राईचा पर्वत निघाला. बहुतेकांवर एप्रिलचा मासिक रोलअप होता, मार्चची दुरुस्ती त्याच्या पोटातच. यादीत मात्र नंबर एप्रिलचा.

खरी गोची उलट बाजूने होती. महिन्याभरापूर्वी अपडेट हिस्टरी वाचणारी दुसरी स्क्रिप्ट चालवून मी साहेबांना 'ऑल ओके' असा मेल टाकला होता. त्या हिस्टरीत प्रत्येक नोंदीला रिझल्ट कोड असतो. २ म्हणजे बसलं, ४ म्हणजे फसलं. मी नुसती नावं वाचली, कोड बघितलाच नाही! वर 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' लिहिलेलं, म्हणजे जे मशीन बंद त्याची तक्रारही नाही.

मग यादीचा नाद सोडून थेट फाइल तपासली. सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरातली एसआरव्ही.सिस. विंडोज ७ वर तिची आवृत्ती किमान ६.१.७६०१.२३६८९ हवी. दोन पीसींवर जुनीच निघाली. डिस्पॅच काउंटरवरच्या पीसीची डिस्क गच्च भरलेली, अपडेट येऊन परत जायचं. रात्री नऊला दोन्ही उरकली.

रविवारी साहेबांना सांगितलं, माझा मेल चुकीचा होता. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "आणि त्याआधीचे मेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्याने आपल्या न्हावा-शेव्याचं गेटवे टर्मिनल ठप्प केलं. तो चोरलेल्या पासवर्डांवरही पसरायचा, म्हणजे नुसता पॅच असूनही भागलं नसतं. पण पॅच नसलेल्या मशीनवर त्याला पासवर्डचीसुद्धा गरज नव्हती.

आता विंडोज ७ इतिहासजमा झालं, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डब्ल्यूएमआयसी विंडोज ११ मधून काढून टाकलंय, व्हीबीस्क्रिप्टही त्याच वाटेवर. पॉवरशेलचं गेट-हॉटफिक्स चालतं, पण ते वाचतं तीच जुनी यादी, आणि त्यात ऑफिसची अपडेट्स दिसत नाहीत. दर महिन्याचं विंडोज अपडेट आता मागचं सगळं घेऊनच येतं, तेव्हा केबी नंबर शोधत बसू नका. रजिस्ट्रीत करंटव्हर्जनखाली यूबीआर नावाचा आकडा असतो. तो बिल्ड नंबराला जोडून मायक्रोसॉफ्टच्या ताज्या बिल्डशी ताडून बघा.

आणि जे मशीन उत्तरच देत नाही, त्याच्यापुढे 'माहीत नाही' असं लिहा. माझ्या रिपोर्टात हल्ली तो रकाना सगळ्यात वर असतो.

ऑफिसच्या अपडेट्सची भानगड पुढच्या खेपेला.