कोणाला कळतंय?

क्लायंटला कागदपत्रं द्यायची म्हटलं की आमच्याकडे ठरलेलं उत्तर: "साईटवर टाक, लिंक पाठव. कोणाला कळतंय?" अहो, कळतं! २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन या कंपनीच्या लिंकमधला एक आकडा बदलला की भलत्याच माणसाची घरखरेदीची कागदपत्रं उघडत होती, तीही लॉगिनशिवाय. सुमारे ८८.५ कोटी फाईली, त्यात बँक खात्यांचे नंबरसुद्धा! यात डोंबलाचं हॅकिंग? तिसरीतल्या पोरालाही बेरीज येते. आणि नुसतं लॉगिन लावूनही भागत नाही. लॉगिन केलेला क्लायंटही शेजाऱ्याचा आकडा टाकू शकतोच की. फाईल देताना दर वेळी सर्व्हरने तपासायला हवं, ही मागणाऱ्याचीच आहे ना? काम फार मोठं नसतं, पण एस्टिमेटमध्ये पहिली कात्री तिथेच लागते. लोगोच्या रंगावर मात्र तीन-तीन मीटिंगा!